बीथोव्हनच्या सोनाट्यांत धीराची गोष्ट कुणी लिहिली?

१८२७ सालच्या ऑक्टोबरात लाइपझिगच्या एका नामांकित संगीत-नियतकालिकाने पंचवीस वर्षांपूर्वीचे एक खासगी पत्र छापले. ते लिहिणारा लुडविग फान बीथोव्हन त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वारला होता आणि पत्र त्याच्या कागदपत्रांत सापडले होते. व्हिएन्नाबाहेरच्या हायलिगेनश्टाट या खेड्यातून ६ आणि १० ऑक्टोबर १८०२ रोजी त्याने ते आपल्या दोघा भावांना लिहिले होते, पण कधी धाडलेच नाही. धाकट्या भावाचे, योहानचे, नाव जिथे यायला हवे तिथे त्याने कोरी जागा सोडली आहे. कानांनी दगा दिला आहे, ते चारचौघांत सांगायची लाज वाटते, म्हणून माणसांपासून तोंड लपवून राहतो. जीव द्यावासा वाटला होता, पण हातून व्हायचे काम अजून झालेले नाही म्हणून थांबलो, असा त्या पत्राचा आशय.

बहिरा होत चाललेला संगीतकार मरणाच्या दारातून परत फिरतो आणि पुढे पंचवीस वर्षे लिहीत राहतो. अशी हकिगत हाती आल्यावर तिला त्याच्या संगीतापासून दूर कोण ठेवणार? त्याचे ३२ पियानो सोनाटे लोक हळूहळू त्याची रोजनिशी असल्यासारखे ऐकू लागले. कुठे दुःख, कुठे झुंज, कुठे सावरणे. पियानो ऐकायचा तो माणसाच्या मनोबळाची गोष्ट म्हणून, ही रीत युरोपात रुजली आणि तिथून जगभर गेली.

नावांनी तिला हातभार लावला. ‘पॅथेटिक’ हे नाव १७९९मध्ये बीथोव्हनच्या हयातीत, मूळ आवृत्तीवरच छापले गेले. बाकीच्या अनेकांचे तसे नाही. ‘मूनलाइट’ सोनाटा १८०२मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर चांदणे नव्हते. ते पसरले समीक्षक लुडविग रेलस्टाबच्या कल्पनेतून. ‘अपॅशनाटा’ हे नाव १८३८मध्ये, बीथोव्हन जाऊन अकरा वर्षे झाल्यावर, हॅम्बर्गच्या एका प्रकाशकाने चिकटवले. आणि ‘टेंपेस्ट’? तिथे अँटोन शिंडलर येतो.

शिंडलर हा बीथोव्हनचा शेवटच्या वर्षांतला मदतनीस. १८४०मध्ये त्याने चरित्र लिहिले. त्यात तो सांगतो की, या सोनाट्याचा अर्थ काय असे विचारल्यावर बीथोव्हन म्हणाला, शेक्सपिअरचे ‘टेंपेस्ट’ वाच. किस्सा झकास आहे आणि आजही मैफलींच्या पत्रिकांत छापला जातो. पण शिंडलरचा शब्द प्रमाण मानता येत नाही. ऐकू येईना तेव्हा बीथोव्हनला भेटायला येणारी माणसे आपले बोलणे वह्यांत लिहून दाखवत. त्या संभाषण-वह्या पुढे शिंडलरच्या ताब्यात आल्या आणि बीथोव्हनच्या मृत्यूनंतर त्याने त्यांत शंभराहून अधिक नोंदी आपल्या पदरच्या घुसडल्या. १९७०च्या दशकात जर्मन संशोधकांनी ही लबाडी उघड केली. तोवर शिंडलरचा बीथोव्हन सव्वाशेहून अधिक वर्षे लोकांच्या डोक्यात बसलेला होता.

चरित्र आणि संगीत यांची अशी सरळ जोडणी टिकते का, हे त्याच ‘टेंपेस्ट’वर, म्हणजे डी मायनरमधल्या ओपस ३१ क्रमांक २ या सोनाट्यावर पाहता येते. त्याचा काळही हायलिगेनश्टाटच्या पत्राचाच, १८०१-०२. सुरुवातीला एक संथ स्वरसमूह वर उलगडतो, मागोमाग अस्वस्थ धावपळ सुरू होते. पुढे गाणारा एकटा आवाज बोलल्यासारखा येतो. पेडल दाबून धरलेला असल्याने सूर एकमेकांत मिसळून धूसर होतात. अखेरचा भाग अखंड धावतो आणि शेवटी आवाज चढवण्याऐवजी खर्जाकडे उतरत विझतो. इथे कुणी जिंकत नाही. उलट त्याच वर्षी पुरी झालेली दुसरी सिंफनी खेळकर आणि उजळ आहे. पत्र काळेकुट्ट, सोनाटा अनिर्णित आणि सिंफनी हसरी, या तिन्हींवर सही एकाच माणसाची आहे.

या रीतीला शहाणा विरोधकही मिळाला. प्रागमध्ये जन्मलेला आणि व्हिएन्नात नाव काढलेला समीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने १८५४मध्ये एक छोटे पुस्तक काढून बजावले की संगीताचे सौंदर्य स्वरांच्या रचनेत आणि हालचालीत आहे. त्यात भावनांचे वृत्तांत शोधू नयेत. आपल्याकडे रसाची चर्चा शतकानुशतके चालत आली, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला अगदीच परका वाटू नये. पण सामान्य रसिकाने हान्सलिकचे ऐकले नाही.

त्याने ऐकले ते रोमाँ रोलाँचे. १९०३मध्ये या फ्रेंच लेखकाने बीथोव्हनचे छोटेखानी चरित्र लिहिले आणि दुःख पचवून उभ्या राहिलेल्या माणसाला वीरांच्या रांगेत नेऊन बसवले. त्याची ‘जाँ क्रिस्तॉफ’ ही दहा खंडांची कादंबरीही एका जर्मन संगीतकाराचीच कथा. या पुस्तकांनी युरोपातल्या एका पिढीला झपाटले, आणि त्यांतूनच एक वाट थेट विदर्भापर्यंत आली.

मॅडेलिन स्लेड ही ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची मुलगी. घरी वडिलांनी पियानो वाजवणारे यंत्र आणले होते. छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी त्यात चढवली की पियानो वाजे. पंधराव्या वर्षी तिने त्यावर बीथोव्हन पहिल्यांदा ऐकला आणि तो सोनाटा होता हाच, ओपस ३१ क्रमांक २. पुढे वडील ईस्ट इंडीज नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि तिला काही काळ मुंबईत राहावे लागले. बड्या साहेबांच्या मेजवान्यांत तिचे मन रमले नाही. बीथोव्हन मात्र सुटला नाही. पहिल्या महायुद्धानंतर, जर्मन संगीताविषयी इंग्लंडमध्ये कटुता असताना, तिने फ्रेडरिक लॅमंड या बीथोव्हनप्रेमी पियानोवादकाच्या मैफली भरवल्या. रोलाँ वाचता यावा म्हणून फ्रेंच शिकली आणि त्याला भेटायला स्वित्झर्लंडला गेली. रोलाँने गांधीजींवर नुकतेच पुस्तक लिहिले होते. ते वाचून मॅडेलिन ७ नोव्हेंबर १९२५ रोजी साबरमतीला पोहोचली आणि मीराबेन झाली.

१९३६च्या सुमारास वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, त्या गांधीजींच्याही आधी राहायला गेल्या होत्या. १९४२ ते ४४ त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होत्या. त्याआधी डिसेंबर १९३१मध्ये, गोलमेज परिषदेहून परतताना, गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये व्हिलनव्ह इथे रोलाँकडे उतरले. तेव्हा रोलाँने त्यांना पियानोवर बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतला संथ भाग वाजवून दाखवला. मीराबेन बरोबर होत्याच. १९५९मध्ये भारत सोडल्यावर त्या व्हिएन्नाजवळ जाऊन राहिल्या आणि १९८२मध्ये तिथेच वारल्या. बीथोव्हन पायी हिंडायचा तोच हा मुलूख.

बीथोव्हनमध्ये धीर शोधण्याच्या या रीतीचा दुसऱ्या महायुद्धातला दाखला याहून ठसठशीत आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रे सुरक्षित जागी हलवली आणि रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी १० ऑक्टोबर १९३९पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘अपॅशनाटा’ वाजवला. पुढे जर्मन विमाने बॉम्ब टाकत होती आणि लंडनकर जेवणाच्या सुट्टीत जर्मन संगीत ऐकत होते. साडेसहा वर्षांत तिथे १,६९८ मैफली झाल्या.

म्हणजे गोष्ट सोनाट्यांत नव्हती, ती ऐकणाऱ्यांनी, नावे देणाऱ्यांनी आणि चरित्रकारांनी घातली? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ असेच आहे. एका ठिकाणी मात्र ते उत्तर अडते.

१८२० साली बर्लिनचे प्रकाशक श्लेसिंगर यांनी बीथोव्हनकडून तीन सोनाटे मागितले. दिवस वाईट होते. पुतण्या कार्लच्या ताब्यासाठी चाललेला कोर्टकज्जा नुकता संपत होता. आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फच्या धर्मपीठावरील दीक्षाविधीसाठी लिहायला घेतलेला मोठा ‘मास’ (चर्चच्या उपासनेचे संगीत) मार्च १८२०चा मुहूर्त चुकवून अर्धवट पडला होता. १८२१च्या सुरुवातीला संधिवाताच्या तापाने गाठले, उन्हाळ्यात कावीळ झाली. या आजारपणातून उठल्यावर तिघांतला मधला, ए फ्लॅट मेजरमधला ओपस ११०, लिहून झाला. हस्तलिखितावर तारीख आहे २५ डिसेंबर १८२१.

पहिला भाग गोड, आर्जवी. दुसरा रांगडा, छोटासा. त्याच्या चाली ‘आमच्या मांजरीला पिल्ले झाली’ अशा थाटाच्या गावगाण्यांतून आल्या असे मानले जाते. केवळ उदात्ताच्याच शोधात असलेल्या श्रोत्याला इथे गप्प बसावे लागते.

खरा प्रकार तिसऱ्या भागात आहे. सुरुवातीला एक आवाज बोलल्यासारखा येतो. त्यात एका जागी वादकाला एकच सूर पुन्हा पुन्हा, बोट बदलत, दाबायचा आहे. तो सूर हळूहळू फुगतो आणि ओसरतो. मग शोकगीत. स्वरलेखावर तसे स्पष्ट लिहिले आहे, इटालियनमध्ये आणि जर्मनमध्येही. ते संपले की तीन आवाजांचा फ्यूग: एक आवाज चाल सुरू करतो, दुसरा तीच घेऊन मागून येतो, मग तिसरा. चाल साधी आहे, पायरी-पायरीने वर चढणारी. ऐकणाऱ्याला वाटते, आता सगळे मार्गी लागले.

आणि ती वाट मध्येच तुटते. शोकगीत परत येते, पण जी मायनरमध्ये. म्हणजे अख्खा षड्जच अर्ध्या स्वराने खाली घसरलेला. चाल तीच, पण आता जागोजागी विराम घालून तोडलेली, धाप लागलेला माणूस शब्द अर्धवट सोडतो तशी. वर बीथोव्हनने सूचना लिहिली आहे: शक्ती सरत चाललेली, शोकाकुल. शेवटी मेजरमधला एकच स्वरसमूह, जी मेजरचा, पुन्हा पुन्हा वाजतो आणि दर वेळी थोडा अधिक भरीव होत जातो. मग फ्यूग परत येतो, तो उलटा होऊन. मघाशी चढणारी चाल आता उतरते आहे. इथे दुसरी सूचना आहे: हळूहळू पुन्हा जिवंत होत. पियानोचा डावा पेडल दाबलेला असल्याने हातोडी कमी तारांवर पडते आणि आवाज दुरून आल्यासारखा येतो. तो पेडल सुटत जातो, चाल कधी संथ, कधी द्रुत होते आणि अखेरीस सरळ होऊन मूळच्या ए फ्लॅट मेजरमध्ये, मंद्रातल्या जाड स्वरांत उभी राहते. शेवट पूर्ण आवाजात होतो.

या दोन सूचना शिंडलरने घुसडलेल्या नाहीत की प्रकाशकाने खपासाठी छापलेल्या नाहीत. त्या संगीतकाराच्या हातच्या आहेत. तरीही तो कुणाची गोष्ट सांगत नाही. काविळीचे नाव नाही, बहिरेपणाचे नाही. थकणे आणि सावरणे या क्रिया त्याने स्वरांकडून करवून घेतल्या आहेत: षड्ज खाली उतरवून, चाल तोडून, ती उलटी करून, मग सुलटी करून. हान्सलिकला जे हवे होते तेही इथे आहे आणि रोलाँला जे हवे होते तेही. मनोबळाची कथा म्हणून ऐकावा असा एकच सोनाटा निवडायचा झाला तर तो चांदण्याचा नाही आणि वादळाचाही नाही. तो ओपस ११० आहे.

पूर्ण सोनाटा सुमारे वीस मिनिटांत संपतो आणि मायरा हेस यांचे १९५०च्या दशकातले ध्वनिमुद्रणही आज ऐकायला मिळते. वाचकांनी तो एकदा चरित्र बाजूला ठेवून ऐकावा आणि शोकगीत दुसऱ्यांदा येते तेव्हा फक्त विरामांकडे कान द्यावा. बीथोव्हनने आपले बहुतेक सोनाटे कुणा ना कुणा सरदाराला, शिष्येला किंवा मित्राला अर्पण केले. १८२२मध्ये छापलेल्या ओपस ११०वर कुणाचेही नाव नाही.