गाण्याची मात्रा

इअरफोन रोज किती तास कानात असतो, कधी मोजलंय? गाण्याची ही मात्रा पूर्वी आपोआप बेताची राहायची. जात्यावरची ओवी दळण संपलं की थांबे. काकड आरती पहाटेपुरतीच. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं चाले. दुसऱ्या महायुद्धात, जून 1940 पासून, बीबीसी कारखान्यांतल्या कामगारांसाठी संगीत वाजवू लागली. तेही दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. अगदी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं! मग 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये वॉकमन विक्रीला आला. आता गाणं प्रत्येकाच्या खिशात आणि मात्रा ज्याच्या त्याच्या हातात.

गाण्याने मूड सुधारतो, यात शंका नाही. पण शब्द असलेलं गाणं चालू असताना वाचन नीट डोक्यात शिरत नाही. मन उदास असेल तर तशीच गाणी लावून काही जण त्याच विचारात घोळत राहतात. काही पेशंट सांगतात, ‘डॉक्टर, जपाला बसलं तरी डोक्यात गाणंच वाजतं.’ त्यांना मी गाणं सोडायला सांगत नाही. सकाळचं चालणं आणि झोपण्याआधीचा तास तेवढा कान मोकळे ठेवा, म्हणतो. पहिले चार-आठ दिवस करमत नाही.