बाइल्मरमेर

बाइल्मरमेर हा नेदरलँड्सच्या अ‍ॅम्स्टरडॅम शहरातील एक निवासी परिसर आहे. बोलीभाषेत त्याला बाइल्मर असे म्हणतात. शहराच्या आग्नेयेकडील झाउडओस्ट या विभागात तो मोडतो. डीमेन व आउडर-अम्स्टेल या नगरपालिकांची हद्द मध्ये येत असल्यामुळे हा विभाग शहराच्या मुख्य भागाला सलग जोडलेला नाही. मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेतील उंच व लांबलचक इमारतींमुळे बाइल्मरमेर नगररचनेच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. एका ठरावीक वर्गासाठी बांधलेली घरे वेगळ्याच वर्गाच्या वाट्याला आल्यावर वस्तीच्या राहणीमानाचे काय होते, याचे उदाहरण म्हणूनही त्याचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी व रचना

डच भाषेत 'मेर' म्हणजे सरोवर. येथील मूळ सरोवर सतराव्या शतकात आटवून शेतजमीन तयार करण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅम्स्टरडॅममध्ये घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि जुन्या शहरातील अनेक कुटुंबे दाटीवाटीच्या, गैरसोयीच्या घरांत राहत होती. त्यावर उपाय म्हणून या सखल जमिनीवर वाळूची भर घालून १९६६ साली बांधकामास आरंभ झाला. पहिले रहिवासी १९६८ मध्ये राहावयास आले.

नगररचनाकार सिखफ्रीड नासुट यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या आराखड्यावर ल कॉर्बुझिए यांच्या विचारांचा प्रभाव होता. निवास, काम, करमणूक व वाहतूक यांच्या जागा स्वतंत्र असाव्यात, हे त्याचे सूत्र होते. मोटारींचे रस्ते भरावावर उंच नेण्यात आले आणि जमिनीची पातळी पादचारी, सायकलस्वार व हिरवळ यांसाठी राखण्यात आली. मोटारी इमारतींपासून काही अंतरावरील बहुमजली वाहनतळांत ठेवाव्या लागत. एकेका भागातील इमारतींची नावे एकाच अक्षराने सुरू होतात; उदाहरणार्थ, क्राउटबेर्ख, किकेनस्टाइन व क्लाइबुर्ख.

राहणीमान

घरे प्रशस्त होती आणि त्यांत मध्यवर्ती तापनाची सोय होती. तथापि खर्च कमी करण्यासाठी लिफ्टची संख्या घटवण्यात आली व नियोजित सामुदायिक सोयींना कात्री लागली. सुरुवातीच्या काळात दुकाने अपुरी होती, तर मध्य शहराशी जोडणारी मेट्रो १९७७ मध्ये सुरू झाली. शेकडो कुटुंबांसाठी सामाईक असलेले लांब सज्जे, तळातील साठवणीच्या खोल्या, वाहनतळ व उंच रस्त्यांखालील मोकळ्या जागा यांवर कोणाचीच नजर राहत नसे. त्यामुळे तेथे असुरक्षितता वाढली.

ही घरे प्रामुख्याने डच मध्यमवर्गासाठी योजलेली होती. परंतु त्याच सुमारास पुरमरेंड, होर्न, आल्मेरे यांसारख्या गावांत बाग असलेली स्वतंत्र घरे उपलब्ध होऊ लागली व या वर्गाने तिकडे धाव घेतली. तुलनेने जास्त भाडे आणि भाडेकरूंची सतत ये-जा यांमुळे घरे रिकामी राहू लागली व गृहनिर्माण संस्था तोट्यात गेल्या. १९८०च्या दशकाच्या मध्यास उंच इमारतींतील सुमारे चतुर्थांश घरे रिकामी होती. मध्य शहरातील झेडाइक भागातून पोलिसांनी हुसकावलेला अमली पदार्थांचा व्यापारही याच काळात येथे सरकला.

लोकसंख्या

सुरिनाम हा देश २५ नोव्हेंबर १९७५ रोजी नेदरलँड्सपासून स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे हजारो सुरिनामी नागरिक नेदरलँड्समध्ये आले. शहरातील इतर भागांत त्यांना घर मिळणे कठीण होते. १९७४ मध्ये काही सुरिनामी कुटुंबांनी ग्लिपहूव्हे या इमारतीतील रिकाम्या घरांचा ताबा घेतला. बाइल्मरमधील सुरिनामी रहिवाशांत आफ्रिकी वंशाचे लोक अधिक आहेत. एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेश व बिहार या भागांतून करारबद्ध मजूर म्हणून सुरिनामला नेलेल्या भारतीयांचे वंशज मात्र मोठ्या संख्येने हेग शहरात स्थायिक झाले.

पुढे अँटिल बेटे, घाना व इतर आफ्रिकी देशांतील लोकही येथे आले. जागेअभावी त्यांच्या काही ख्रिस्ती मंडळ्या वाहनतळांत उपासना करीत असत. १९७०च्या दशकात सुरू झालेला क्वाकू हा उन्हाळी उत्सव येथील बहुसांस्कृतिक जीवनाचे प्रतीक मानला जातो.

१९९२ ची विमान दुर्घटना

४ ऑक्टोबर १९९२ रोजी सायंकाळी एल अल कंपनीचे बोईंग ७४७ मालवाहू विमान उजव्या पंखाची दोन्ही इंजिने गळून पडल्यानंतर खुनेव्हेन व क्लाइन-क्राउटबेर्ख या इमारतींवर कोसळले. विमानातील चौघांसह ४३ जणांचा मृत्यू झाला. प्रारंभी मृतांची संख्या दोनशेहून अधिक असावी असा अंदाज होता. इमारतींत नोंदणी नसलेले अनेक स्थलांतरित राहत असल्याने तेथे नेमके किती लोक होते हे ठरवणे अवघड गेले. कागदोपत्री अस्तित्व नसलेल्या या लोकसंख्येकडे दुर्घटनेमुळे देशाचे लक्ष वेधले गेले. बचावलेल्यांच्या प्रकृतीच्या तक्रारी आणि विमानातील माल यांविषयी पुढे संसदीय चौकशी होऊन १९९९ मध्ये तिचा अहवाल सादर झाला. दुर्घटनास्थळी स्मारक असून, अपघातातून वाचलेले 'सर्व काही पाहिलेले झाड' त्याचा भाग आहे.

पुनर्विकास

१९९०च्या दशकात व्यापक पुनर्विकास हाती घेण्यात आला. उंच इमारतींतील सुमारे निम्मी घरे पाडून त्यांच्या जागी बैठी घरे व कमी उंचीच्या इमारती उभारण्यात आल्या. अनेक उंच रस्ते जमिनीच्या पातळीवर आणले गेले, वाहनतळ हटवण्यात आले व भाड्याच्या घरांबरोबर विक्रीची घरेही बांधण्यात आली. मूळ रचनेचा काही भाग 'बाइल्मर संग्रहालय' या नावाने जतन केला आहे. तेथे आजही लोकवस्ती आहे.

या प्रक्रियेवर टीकाही झाली. निर्णय घेणारे बहुतांशी गोरे आणि रहिवासी बहुतांशी कृष्णवर्णीय, ही विसंगती १९९०च्या दशकात 'झ्वार्ट बेराड' या रहिवासी गटाने पुढे आणली. अधिकृत भाडेकरूंना पर्यायी घरे मिळाली. परंतु पोटभाडेकरू व नोंदणी नसलेल्यांना तसा हक्क नव्हता.

सुमारे ४०० मीटर लांबीची क्लाइबुर्ख ही इमारतही पाडण्याचे ठरले होते. ती एका विकासक समूहास एक युरो किमतीस विकण्यात आली. समूहाने इमारतीचा सांगाडा, लिफ्ट व सज्जे दुरुस्त केले. घराचे अंतर्गत काम मात्र खरेदीदारांनी स्वतः करावयाचे होते. या प्रकल्पास २०१७ मध्ये युरोपीय संघाचा समकालीन वास्तुकलेसाठीचा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार मिळाला.

मूल्यमापन

बाइल्मरमेरच्या दुरवस्थेस इमारतींची रचना कारणीभूत होती, असे पूर्वी सर्रास मानले जाई. मात्र भाडे, देखभाल, वाहतूक, रोजगार व घरवाटपातील भेदभाव यांचा वाटाही मोठा होता, असे मत पुढे मांडले गेले. पाडण्यास निघालेल्या क्लाइबुर्खमध्ये त्याच सांगाड्यात पुन्हा वस्ती झाल्याने या मतास बळ मिळाले.