हॅकेथॉन, गाडीतलं सॉफ्टवेअर आणि आपलं कळंबोली

मंडळी, आज थोडा इतिहास. घरात इंजिनिअरिंगला मुलगा-मुलगी असेल तर ‘हॅकेथॉन’ हा शब्द कानावर आलाच असेल. पण तो आला कुठून आणि त्याचा गाड्यांशी काय संबंध, हे फारसं कोणी सांगत नाही. एक्सप्रेसवे आपल्या कळंबोलीपासून सुरू होतो, तेव्हा पनवेलकरांनी तरी हे समजून घ्यायला हवं.

जून १९९९. कॅनडातल्या कॅलगरी शहरात ओपनबीएसडी या प्रकल्पाचे दहा प्रोग्रामर एकत्र बसले. माहिती कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर तेव्हा अमेरिकेत कडक बंधनं होती, म्हणून बैठक कॅनडात. हॅक आणि मॅरेथॉन मिळून शब्द झाला हॅकेथॉन. इथे हॅक म्हणजे चोरी नव्हे, डोकं लढवून काढलेली तोड. त्यांनी लिहिलेला कोड कोणीही वाचावा, तपासावा, सुधारावा, असा खुला होता. हॅकेथॉनचं मूळ बक्षिसात नाही, या खुलेपणात आहे.

गाड्यांच्या कंपन्या मात्र कोड तिजोरीत ठेवायच्या. २०१२ मध्ये लिनक्स फाउंडेशनने ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ सुरू केलं. टोयोटा, निसान आणि आपल्या टाटांच्या मालकीची जग्वार लँड रोव्हर सुरुवातीपासून त्यात होत्या. पुढे टोयोटाच्या २०१८ च्या कॅमरीत, डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमागे, हेच खुलं सॉफ्टवेअर आलं.

तिजोरीतल्या कोडमुळे काय होतं, ते २०१५ मध्ये जगाने पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर ‘आता चाचणी चालू आहे’ हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. रस्त्यावर आली की गाडी पुन्हा मूळ वळणावर. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. कोड कोणाला वाचताच येत नव्हता. शेवटी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाडीत यंत्रं बसवून, ती रस्त्यावर पळवून धूर मोजला, तेव्हा बिंग फुटायला सुरुवात झाली.

हे तिकडचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. पुण्याच्या एआरएआयने इथल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. दंडाचं काय व्हायचं ते होवो, धूर मात्र आपल्याच छातीत गेला.

आता पुढची गंमत बघा. जून २०२५ मध्ये जर्मनीत अकरा कंपन्यांनी गाडीचं पायाभूत सॉफ्टवेअर एकत्र आणि खुलं लिहायचा करार केला. त्यात बीएमडब्ल्यू आहे, मर्सिडीज आहे आणि तीच फोक्सवॅगनही आहे! पुण्याची केपीआयटी आणि जर्मनीची झेडएफ यांनी उभी केलेली क्वोरिक्सही त्यात आहे. काम चालतं एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली. हीच संस्था गाड्यांच्या खुल्या सॉफ्टवेअरसाठी हॅकेथॉनही भरवते. कट्टर स्पर्धक एका ताटात जेवायला का बसले? कारण आजच्या गाडीतला कोड एकेकट्याने लिहिणं परवडत नाही, आणि ग्राहकाला न दिसणारा भाग प्रत्येकाने वेगळा लिहून फायदाही नाही.

आपल्याकडे २०१७ पासून केंद्र सरकारचा स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होतो, कॉलेजांचे वेगळे. मुलं रात्र रात्र जागतात, प्रमाणपत्र मिळतं, फोटो येतो. आणि कोड? बहुतेक वेळा लॅपटॉपमध्येच राहतो. पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात.

कोणी म्हणेल, ब्रेकचं सॉफ्टवेअर काय ३६ तासांत लिहायचं? अजिबात नाही. खुलं आहे म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. त्याला वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात. पण चुका शोधणं, चाचण्या लिहिणं, बिघाडाचे कोड मराठीत समजावणारं ॲप करणं, हे आपली मुलं नक्की करू शकतात. कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या आसपास गॅरेजवाल्यांना विचारा. बीएस-सहाच्या ट्रकचा दिवा लागला की कित्येकदा कंपनीच्या लॅपटॉपशिवाय पान हलत नाही. हात कसबी आहेत, पण किल्ली दुसऱ्याकडे.

म्हणून नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठ्यातल्या पालकांना आणि प्राध्यापकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या हॅकेथॉनला तीन प्रश्न विचारा: कोड खुला राहणार का? कुठे ठेवणार? स्पर्धा संपल्यावर तो सांभाळणार कोण? आणि परीक्षकांच्या खुर्चीवर एखादा गॅरेजवाला बसवायला काय हरकत आहे?

तुमच्या कॉलेजात असं काही होत असेल तर खाली जरूर लिहा.