बारावीचे कमी गुण आणि वैद्यकीय प्रवेश

बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही की डॉक्टर होण्याचे स्वप्न संपले, असे विदर्भातील अनेक पालक व विद्यार्थी मानतात. काही जण पुन्हा बारावी देण्यासाठी एक वर्ष खर्ची घालतात. तथापि, नेमके कोणते गुण सुधारायचे याचा निर्णय आधी झाला नाही, तर ते वर्ष वाया जाण्याची शक्यता असते.

गुणांचे महत्त्व कसे बदलले?

महाराष्ट्रात १९९९ पूर्वी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. एकेका गुणासाठी चुरस असे. १९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. 'नीट' प्रथम २०१३ मध्ये झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. २०१६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला आणि २०१७ पासून राज्यातील एमबीबीएसचे प्रवेश 'नीट'वरच होऊ लागले. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महाविद्यालयाची गांधीविचारांच्या प्रश्नपत्रिकेसह होणारी स्वतंत्र परीक्षा बंद झाली. २०२० पासून 'एम्स'ची वेगळी परीक्षाही उरली नाही.

पात्रता वेगळी, गुणवत्ता वेगळी

बारावीचे गुण आता केवळ पात्रतेपुरते पाहिले जातात. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गासाठी ५० टक्के आणि राखीव वर्गांसाठी ४० टक्के ही मर्यादा घातली. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थ्यांनी हीच मर्यादा गृहीत धरावी आणि त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून खात्री करून घ्यावी.

उदाहरणार्थ, एखाद्या विद्यार्थ्याला तीन विषयांत अनुक्रमे ४८, ५२ व ६१ म्हणजे ३०० पैकी १६१ गुण मिळाले, तर त्याचे सुमारे ५३.७ टक्के होतात. तो पात्र आहे. पुन्हा परीक्षा देऊन त्याने ८० टक्के मिळविले तरी गुणवत्ता यादीतील त्याचे स्थान बदलत नाही. याउलट ४२, ४५ व ५५ म्हणजे १४२ गुण मिळविणाऱ्याचे ४७.३ टक्के होतात. तो खुल्या वर्गातील असेल तर ५० टक्क्यांच्या मर्यादेखाली राहतो.

श्रेणीसुधार कोणासाठी?

राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना या दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी उपयुक्त आहे. उत्तीर्ण विद्यार्थ्याला सर्व विषय घेऊन पुन्हा परीक्षेस बसता येते. मात्र ही संधी उत्तीर्ण झाल्यानंतरच्या लगतच्या परीक्षांपुरतीच असते. त्यामुळे नागपूर विभागीय मंडळाच्या सूचना येताच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. फेब्रुवारी-मार्चची परीक्षा देऊन त्याच वर्षी 'नीट'ला बसणे सोयीचे ठरते.

बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांनाही मार्ग आहे. मान्यताप्राप्त मंडळातून हा विषय नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होण्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुभा दिली.

पदवीचे गुण

दरम्यानच्या काळात बीएस्सीला प्रवेश घेऊन तेथेही मागे पडलेल्या विद्यार्थ्यांनी खचू नये. पदवीची सरासरी एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत धरली जात नाही. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते व अर्जात पदवीच्या सर्व वर्षांची सरासरी पाहिली जाते. तेथे पहिल्या वर्षाचे अपयश दीर्घकाळ सोबत राहते. भारतात 'नीट'ची पाटी दरवर्षी कोरी असते. वयाची कमाल मर्यादाही २०२२ मध्ये हटविण्यात आली.

'नीट'चे गुण वाढविताना

२०२५ पासून या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न व ७२० गुण अशी रचना आहे. त्यापैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. योग्य उत्तराला चार गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. सर्व प्रश्न सोडवून ११० बरोबर व ७० चूक आल्यास ३७० गुण होतात. त्या चुकांपैकी ४० प्रश्न सोडून दिले असते, तर ४१० झाले असते. म्हणून सरावपरीक्षेनंतर चुका अज्ञानाच्या, घाईच्या की अंदाजाच्या, याची नोंद ठेवावी. अकरावीचा अभ्यासक्रमही या परीक्षेत असतो आणि बारावीच्या धावपळीत तोच बहुधा मागे पडतो.

पात्रतेसाठी खुल्या वर्गाला ५० पर्सेंटाइल पुरेसे असले, तरी शासकीय जागेसाठी त्याहून बरेच अधिक गुण लागतात. हा फरक पालकांनी विसरू नये.

नागपुरातील जागा

नागपुरात १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ('मेडिकल'), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ('मेयो') आणि २०१८ मध्ये सुरू झालेले 'एम्स' या प्रमुख शासकीय संस्था आहेत. राज्य शासनाच्या महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात. पूर्वीच्या ७०:३० सूत्राने विदर्भातील विद्यार्थ्यांना येथील ७० टक्के जागांवर प्राधान्य होते. ते सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. आता स्पर्धा संपूर्ण राज्याशी आहे. राज्य कोट्यासाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे व अधिवास आवश्यक असल्याने, गुणांच्या आशेने शेजारच्या राज्यातून बारावी करण्यापूर्वी पूर्ण विचार करावा.

निर्णय कसा घ्यावा?

प्रथम तीन विषयांची एकत्रित टक्केवारी काढावी. मर्यादेपेक्षा ती कमी असेल तरच श्रेणीसुधाराचा विचार करावा. अन्यथा सर्व वेळ 'नीट'ला द्यावा. मागील वर्षीच्या गुणांत किती वाढ हवी हे आपल्या प्रवर्गाच्या प्रवेश याद्यांशी ताडून पाहावे. अंतर फार असेल, तर आयुर्वेद, होमिओपॅथी वा दंतवैद्यक या 'नीट'वरच मिळणाऱ्या पर्यायांची चर्चा घरात वेळीच व्हावी. आणखी किती वर्षे प्रयत्न करायचा, याची मर्यादाही पहिल्याच दिवशी ठरविलेली बरी.