जुन्या कपड्यावरचे फूल : इस्त्रीच्या छापाचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील कित्येक घरांत शिवणाच्या डब्यात पातळ कागदाच्या काही घड्या असत. त्यांवर निळ्या रेषांत फुले छापलेली असत. कागद कपड्यावर पालथा घालून वरून गरम इस्त्री दाबली की फूल कपड्यावर उतरे. मग त्या रेषेवरून भरतकाम करायचे. या साध्या कागदाला युद्धकाळात फार मोठा अर्थ आला. त्याचीच ही हकीकत.

२/ भरतकामात टाका घालणे हे अर्धे काम. त्याआधी कापडावर चित्र उतरवावे लागते. युरोपात छापील नक्षीपुस्तके सोळाव्या शतकापासून मिळतात. ऑग्सबुर्गच्या योहान शोन्स्पर्गरचे १५२३ चे पुस्तक त्यांतले सर्वांत आरंभीचे मानले जाते. इटलीत आलेस्सांद्रो पागानिनोने सुमारे १५३० मध्ये काढलेल्या पुस्तकात तर नक्षी कापडावर कशी उतरवावी, याचीच चित्रे आहेत.

३/ सर्वांत रूढ पद्धत अशी : नक्षीच्या रेषेवर सुईने भोके पाडायची आणि त्यांतून बारीक पूड खाली झिरपू द्यायची. परिणामी पुस्तकांच्या पानांची चाळण झाली आणि फारच थोड्या प्रती उरल्या. आपल्याकडेही ट्रेसिंग पेपरला भोके पाडून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवतात, तत्त्व तेच. लखनऊच्या चिकनकारीत हेच काम लाकडी ठसा करतो.

४/ पण मूळ चित्र काढायचे कोणी? ते कौशल्य निराळे होते आणि त्याला मोल पडे. उत्तर इंग्लंडच्या ॲलनहेड्स परिसरात जॉर्ज गार्डिनर आणि त्याची शिष्या एलिझाबेथ सँडरसन हे दोघे रजईच्या कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी आखून देत. त्या रेषांवर टाके घालणाऱ्या स्त्रिया वेगळ्या. आखणारा हात आणि शिवणारा हात यांची फारकत इस्त्रीच्या छापाच्याही आधीपासूनची आहे.

५/ १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या विल्यम ब्रिग्ज कंपनीने या आखणाऱ्या हाताची जागा यंत्राला दिली. राळेसारखा उष्णतेने वितळणारा पदार्थ रंगात मिसळून त्यांनी कागदावर नक्षी छापली. इस्त्रीच्या उष्णतेने रेषा कागद सोडून कापडाला चिकटे. चित्रकला मुळीच न येणाऱ्या व्यक्तीच्या कपड्यावर आता क्षणात नेटके फूल उमटू लागले.

६/ या तंत्राच्या अटीही होत्या. कागद पालथा घालायचा असल्याने अक्षरे उलटी छापावी लागत. इस्त्री कमी तापली तर रेषा पुसट, जास्त तापली तर कापडाला डाग. शिवाय ही रेषा धुऊन जाईलच याची खात्री नसे. ती टाक्यांखाली पुरती झाकावी लागे. गडद कपड्यासाठी पिवळ्या रंगाचे छाप निघत.

७/ पुढे हे छाप सर्वत्र पसरले. ब्रिग्जचे ‘पेनेलोपी’ नावाचे छाप दुकानांत मिळत. भरतकामाची आणि स्त्रियांची मासिके अंकासोबत छाप देत. १९३० च्या दशकात घेरदार झग्यातील बाई आणि तिच्याभोवती उंच फुलझाडांची बाग ही नक्षी उशीच्या अभ्र्यांपासून टेबलावरच्या रुमालांपर्यंत घरोघरी पोहोचली.

८/ कलेच्या जाणकारांना मात्र हे रुचले नाही. ग्लासगोच्या कलाशाळेत १८९४ पासून भरतकाम शिकवणाऱ्या जेसी न्यूबेरी यांचा आग्रह होता की विद्यार्थिनीने नक्षी स्वतःच रचावी. या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्याने छापलेली रेषा गिरवणे ही केवळ नक्कल ठरते. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर पुढच्या दशकांतल्या जुन्या कपड्यांवर शोधावे लागते.

९/ १ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. बेत इतका गुप्त होता की कपड्यांची कूपने आधी छापलीच नव्हती. सुरुवातीला मार्जरीनची शिल्लक कूपने चालवली गेली. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढाला ६६ कूपने मिळाली. लोकरी पोशाखाला ११, सुतीला ७ आणि पुरुषाच्या पूर्ण सुटाला २६ कूपने लागत. पुढे हा वाटाही घटत गेला.

१०/ १९४२ च्या आदेशांनी कापड आणि श्रम वाचवण्यासाठी चुण्या, खिसे, बटणे यांच्या संख्येवर मर्यादा आणल्या. स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांवर आणि रात्रीच्या कपड्यांवर भरतकाम किंवा लेस लावण्यास उत्पादकांना मनाई झाली. मात्र घरी बसून स्वतःच्या जुन्या कपड्यावर फूल भरणाऱ्या बाईला हा कायदा अडवत नव्हता. १९४३ मध्ये व्यापार मंडळाने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून आहे तेच कपडे टिकवण्याचा सल्ला दिला.

११/ आता छापाच्या कागदाकडे पुन्हा पाहू. जुन्या कपड्यावर फूल कुठे बसवायचे हे कागद सांगत नाही. रफूची जागा, न निघणारा डाग, उंची वाढवताना दुमड उसवल्यावर उरलेली रेष, हे सारे त्या कपड्याचे स्वतःचे असते. एकच छाप दहा घरांत गेला तरी फूल दहा वेगळ्या जखमा झाकते. रेषा विकतची, जागा, रंग आणि टाका घरचा.

१२/ म्हणून ‘नक्कल’ हा शब्द अपुरा पडतो. नक्षीकाराच्या नजरेने ती नक्कलच आहे. पण टंचाईच्या काळात चांगले दिसण्याचा हक्क न सोडणाऱ्या स्त्रीच्या बाजूने पाहिले, तर त्यात अनेक छोटे निर्णय दिसतात. रॉझिका पार्कर यांच्या १९८४ च्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या ग्रंथाने भरतकाम हे स्त्रियांच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचायला शिकवले, ते याच कारणाने महत्त्वाचे.

१३/ अडचण पुराव्याची आहे. वापरलेला छाप वापरातच संपतो आणि जुना कपडा शेवटी फडके होतो. संग्रहात उरतात ते बहुधा न वापरलेले कागद आणि जपून ठेवलेले उत्तम कपडे. बाजारात काय विकले जात होते हे ते सांगतात. कोणी कशावर काय भरले हे सांगत नाहीत. रेशनिंग १५ मार्च १९४९ रोजी संपले आणि दुरुस्तीचे कपडे जपण्याचे कारणही बहुतेकांना उरले नाही.

१४/ आपल्या घरी जुना भरलेला अभ्रा किंवा फ्रॉक असेल, तर तो उलटा करून पाहा. फुलामागे रफू आहे का? टाक्यांच्या कडेला निळी रेघ डोकावते का? ती नक्षी कुठून आली, कशी उतरवली, हे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. असे वस्त्र कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते. त्याची नोंद आपणच करायची आहे.