शोधाची अडत

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिले, तरी तेथील असंख्य घरांची बोली मराठी आणि संत्र्याची वाट नागपूरची, हे काही बदलले नाही. बाजार दूर असला की भावाची खबर मध्यस्थाकडून घ्यावी लागते आणि तो मध्यस्थ कोणाच्या पैशावर जगतो यावर त्याचा कल ठरतो. गूगलसारख्या शोधयंत्राचा व्यवहार उमजण्यास अडतीचा इतिहास त्यामुळेच उपयोगी पडतो.

शेतकऱ्याचा माल उतरवून घेऊन तो विकून देणारा आणि त्याबद्दल शेकडेवारीने अडत घेणारा तो अडत्या. जुन्या काळी भारतातील अनेक बाजारांत अडत्या व खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला ती बोटे दिसत नसत. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कायदा आला, मध्यप्रांताने १९३२ मध्ये कापसासाठी व १९३५ मध्ये इतर शेतमालासाठी कायदे केले आणि मध्य प्रदेशाचा मंडी अधिनियम १९७२ चा. हे सारे कायदे त्या रुमालाविरुद्धचे होते, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शोधयंत्राने तो रुमाल उलटा पांघरला. पांढुर्ण्याच्या बागाईतदाराने फोनवर आंबिया बहाराच्या फवारणीचे औषध शोधले की पापणी लवण्याआत जाहिरातदारांमध्ये त्या पानावरील जागेचा लिलाव होतो, आणि त्याचे ठिकाण व पूर्वीचे शोध यांवरून त्याची किंमत लावली जाते. शोध फुकट असतो, विकले जाते ते शोधणाऱ्याचे लक्ष. गूगलच्या संस्थापकांनीच १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात, जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असे लिहून ठेवले होते, आणि २००० साली त्यांनीच जाहिराती सुरू केल्या.

जाहिरातीऐवजी शोधणाऱ्याकडूनच वर्गणी घेण्याचा मार्गही निर्दोष नाही. 'कागी' या शोधयंत्राची अमर्याद शोधांची वर्गणी महिना दहा डॉलर, म्हणजे आठशे रुपयांहून अधिक. शिवाय वर्गणीसाठी खाते उघडावे लागते, आणि २०२५ पर्यंत तरी शोध त्या खात्याशी न जोडण्याच्या कंपनीच्या शब्दावरच विसंबावे लागत असे. 'डकडकगो' हे २००८ पासूनचे शोधयंत्र शोधलेल्या शब्दापुरतीच जाहिरात दाखवते, माणसाचा माग ठेवत नाही. ही मधली वाट अधिक व्यवहार्य दिसते.

तरीही माणसे शोधयंत्र बदलत नाहीत. अडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेला शेतकरी माल दुसरीकडे नेऊ शकत नसे. येथे उचल फोन व ब्राउझर बनवणाऱ्यांना मिळते, आणि आपले यंत्र त्यांत आधीपासून बसवलेले असावे म्हणून गूगलने एकट्या २०२१ साली २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले श्रीधर रामस्वामी यांनी वर्गणीवर चालवलेले 'नीवा' हे शोधयंत्र २०२३ मध्ये बंद पडले, आणि लोकांना पैसे द्यायला लावण्यापेक्षा सवय सोडायला लावणे अवघड गेले, असे त्यांनी नमूद केले.  मंडीतल्या हिशोबपट्टीवर हमाली आणि तोलाई निदान रुपयांत लिहिलेली असते. शोधाची तशी पट्टी अजून कोणी हातात देत नाही.