बालाघाट : हवाई अंतर व उड्डाणकाळ

मध्य प्रदेशातील वैनगंगाकाठच्या या जिल्हा-ठिकाणाला नियमित प्रवासी विमानसेवा नाही. बैहरजवळच्या बिरवा धावपट्टीवर तशी वाहतूक होत नाही. जवळचे विमानतळ महाराष्ट्रात आहेत : गोंदियाचे बिरसी सरळ रेषेत सुमारे 33 किमी., नागपूर सुमारे 140 किमी.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. वैमानिक-प्रशिक्षणासाठी ती पुढे नावारूपाला आली. प्रवासी सेवा मार्च 2022 मध्ये इंदूर व हैदराबादसाठी सुरू झाली, पण काही महिन्यांतच खंडित झाली. डिसेंबर 2023 पासून दुसऱ्या कंपनीने हैदराबादमार्गे तिरुपतीला सेवा दिली. बालाघाटसारख्या आडबाजूच्या जिल्ह्याला याचे मोल मोठे आहे.

दोन विमानतळांमधील अंतर पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील सर्वांत लहान मार्गाने, म्हणजे बृहद्‌वृत्ताने, मोजतात. ते सागरी मैलांत (1 सागरी मैल = 1.852 किमी.) सांगण्याची रीत आहे. बिरसी–हैदराबाद हे अंतर सुमारे 515 किमी. म्हणजे 278 सागरी मैल भरते. ताशी 500 किमी.च्या आसपास उडणाऱ्या एटीआर 72 विमानाला निव्वळ गणिताने तासाभराहून थोडा अधिक वेळ पुरावा. वेळापत्रकात मात्र तो जास्त दिसतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणे हे सारे धरलेले असते. लहान पल्ल्यात हा वाटा फार जाणवतो.

वाऱ्याचा परिणाम पूर्व–पश्चिम मार्गांवर ठळक असतो. नागपूर–मुंबई (सुमारे 685 किमी.) मार्गावर हिवाळ्यातील पश्चिमी वारे मुंबईकडे जाताना समोरून येतात, परतीला पाठीशी राहतात.